डर्ट ट्रॅकची माती: चुना, जळकं ऑईल आणि आयोजकाची जबाबदारी

मातीच्या ट्रॅकवरच्या मोटारसायकल शर्यतीच्या आदल्या रात्री अवकाळी पाऊस येतो. नागपूरकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये यात नवल नाही. दोन आठवडे रोलर फिरवून बसवलेला ट्रॅक तासाभरात लोण्यासारखा होतो. सकाळी पहिली हीट, म्हणजे पहिली फेरी असते, एंट्री फी घेतलेली असते, बाहेरगावची पोरं गाड्या टेम्पोत घालून निघालेली असतात. अशा वेळी माती पुरवणारा ठेकेदार फोनवर म्हणतो, "भाऊ, दोन ट्रॉली चुना टाकून देतो. पहाटेपर्यंत कडक."

तो खोटं बोलत नसतो. चुन्याने चिखल खरंच सुकतो. पण त्या फोनला 'हो' म्हटलं की पुढचा सगळा हिशोब रायडरच्या कातडीवर, मजुराच्या डोळ्यांवर आणि शेवटी तुमच्या सहीवर येऊन पडतो. त्या फोनला काय उत्तर द्यायचं, आणि तो फोन करायची वेळच येऊ नये म्हणून काय करायचं, ते इथे क्रमाने लिहितो.

चुना म्हणजे नेमका कोणता

आपल्याकडे तीन वेगळ्या वस्तूंना 'चुना' हा एकच शब्द आहे, आणि निम्मे अपघात त्यातूनच होतात.

पहिला कळीचा चुना, म्हणजे कॅल्शियम ऑक्साईड. याला पाणी लागलं की तो तापतो. एक किलो कळीचा चुना पूर्ण विरला तर साधारण तीन लिटर गार पाणी उकळीला आणण्याइतकी उष्णता बाहेर पडते. दुसरा विरलेला चुना, कॅल्शियम हायड्रॉक्साईड. तो आता तापत नाही म्हणून लोक त्याला निरुपद्रवी समजतात. तसं नाही. त्याच्या संपृक्त पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कली मोजायचा आकडा, ७ म्हणजे मध्यम) १२.४ च्या आसपास असतो. विदर्भातल्या काळ्या मातीचा पीएच बहुधा साडेसात ते साडेआठ असतो. पीएचमधला प्रत्येक अंक दहा पटींचा असल्याने हा फरक हजारो पटींचा झाला. तिसरी चुनखडीची किंवा संगमरवराची भुकटी, कॅल्शियम कार्बोनेट. मैदान आखायला वापरावी अशी फक्की हीच. ती डोळ्यांत गेली तर खुपते, पण भाजत नाही.

पोत्यावर नुसतं 'चुना' लिहिलेलं असेल तर आत यातलं काहीही असू शकतं. एका तयारीच्या दिवशी आमच्याकडे फक्की म्हणून आलेल्या पोत्यांत प्रत्यक्षात विरलेला चुना होता. रेषा मारणाऱ्या पोराने घामेजलेल्या हातांनी दोन तास ती पसरली. संध्याकाळी त्याच्या बोटांच्या बेचक्यांतली कातडी सोलली गेली होती. त्याला वाटलं उन्हाने झालं. आम्हालाही तसंच वाटलं, आणि म्हणून हात धुवायला उशीर झाला. पोतं आलं तेव्हा त्यात काय आहे हे मी विचारलं नव्हतं. ते विचारणं माझं काम होतं.

चुन्याचा त्रास असा उशिरा कळतो, हेच त्याचं सगळ्यात वाईट. आम्ल लगेच चरचरतं, माणूस हात मागे घेतो. चुन्यासारखी अल्कली कातडीतल्या चरबीचा साबण करत आत उतरते, आणि आग व्हायला लागेपर्यंत तास उलटलेला असतो. रायडरच्या बाबतीत हे आणखी वाढतं: जर्सी घामाने ओली, नी-गार्डच्या आत चिखल भरलेला, बूट गच्च बंद. भिजलेला चुना कातडीला घट्ट बांधून ठेवल्यासारखी ही अवस्था असते.

२०१९ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत सॅन दिएगोच्या सुपरक्रॉस शर्यतीत हेच घडलं. पावसाने बिघडलेल्या ट्रॅकच्या मातीत चुना मिसळला होता. शर्यतीनंतर रायडरांनी कातडी भाजल्याच्या तक्रारी केल्या, गाड्यांचे धातूचे भाग खराब झाले. जगातल्या सगळ्यात मोठ्या आणि पैसेवाल्या मालिकेत हे होऊ शकतं, तर आपल्याकडे का होणार नाही? अल्कली ॲल्युमिनियमला खाते, आणि मोटोक्रॉसच्या गाडीत रिम, हब, इंजिनाची केसिंग, रेडिएटर हे सगळं ॲल्युमिनियमचंच असतं.

"पण रस्त्याच्या कामात काळ्या मातीत चुना घालतातच की," असं कोणीतरी नक्की म्हणेल. घालतात. इंडियन रोड्स काँग्रेसची त्यासाठी स्वतंत्र मार्गदर्शिका आहे, आणि काळ्या कापसाच्या मातीचा फुगवटा त्याने कमी होतो. फरक असा की रस्त्यात तो थर मुरू देतात आणि मग झाकतात. वरून खडी येते, डांबर येतं. डर्ट ट्रॅकवर झाकण नसतं. मोठ्या गुट्ट्यांचं नॉबी टायर तिसऱ्या लॅपलाच वळणावर नाली पाडतं, दिवस संपेपर्यंत ती फूटभर खोल होते, आणि खाली जे मिसळलं असेल ते मागच्या रायडरच्या तोंडावर उडतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: शर्यतीच्या ट्रॅकमध्ये चुना कुठल्याही थरात नको.

जागा ठरवताना

माती बघण्याआधी जागेचा इतिहास विचारा. शेजारच्या शेतकऱ्याला, जुन्या चौकीदाराला विचारलं तर दहा मिनिटांत कळतं. इथे पूर्वी वीटभट्टी होती का, कारखान्याचा कचरा पडत होता का, राखड, म्हणजे वीज केंद्रातली कोळशाची राख, आणून भरली होती का. कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक वीज केंद्रं जवळ असल्याने नागपूरकडे राखड स्वस्तात मिळते आणि खड्डा भरायला लोक ती सर्रास वापरतात. विटांमध्ये, सिमेंटमध्ये ती चालते. गाड्या धावणाऱ्या उघड्या पृष्ठभागावर तिचे बारीक कण थेट फुप्फुसात जातात, आणि राखडीत मोकळा चुनाही थोडाफार असू शकतो. ट्रॅकच्या भरावात राखड घेऊ नका.

जागेपासून विहीर किती अंतरावर आहे, उतार कुणीकडे आहे, पलीकडे संत्र्याची बाग आहे का, हे नकाशावर मांडून ठेवा. काटोल-कळमेश्वरच्या बाजूला तर हे पहिलंच बघायला हवं. जमिनीत क्षार वाढले की संत्र्याचं झाड लवकर कोमेजतं, आणि बागेची भरपाई हा प्रश्न रायडरच्या जखमेइतकाच गंभीर होऊ शकतो.

गाजर गवत माजलं असेल तर तणनाशक मारून मोकळं व्हायचा मोह होतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि मजूर विषबाधेने दगावले, ते विदर्भात कोणी विसरलेलं नाही. ट्रॅकची जागा हातमोजे घालून उपटून किंवा जेसीबीच्या पात्याने साफ होते. औषध नकोच.

माती आणि पाणी

नागपूर दख्खनच्या लाव्हाच्या थरांच्या पूर्व टोकाला बसलं आहे. पश्चिमेला बेसाल्ट आणि त्याचा मुरूम, पूर्वेकडे जुने नीस खडक, आणि सपाटीला काळी माती. नुसत्या काळ्या मातीचा ट्रॅक भिजला की चिकटतो, सुकला की हातभर भेगा पडतात. नुसता मुरूम धरून राहत नाही आणि पडल्यावर खरवडून काढतो. दोन्हींचं मिश्रणच कामाचं. प्रमाण आधी दहा फुटांच्या पट्ट्यावर भिजवून, दाबून, गाडी फिरवून ठरवा. मातीची तपासणी व्हीएनआयटीसारख्या अभियांत्रिकी संस्थेच्या प्रयोगशाळेतून करून घेता येते का ते विचारा. मुरूम आणताना वाहतूक पास आणि रॉयल्टीची पावती मागा. त्या कागदावरून माती कुठल्या खाणीतून आली हेही सिद्ध होतं, आणि पुढे तेच उपयोगी पडतं.

पावसाची तयारी मातीच्या दिवशीच करायची. ट्रॅकला मधोमध हलका उंचवटा, कडेला चर, सखल जागी पाण्याला वाट. एक-दोन ट्रॉली कोरडा मुरूम ताडपत्रीखाली राखीव ठेवा. जंपचा टेक-ऑफ आणि लँडिंग झाकायला प्लॅस्टिक आणून ठेवा. एवढं असेल तर आदल्या रात्रीच्या पावसाला उत्तर आहे: पहाटे पात्याने वरचा रबडा ओढून बाहेर काढायचा, खालची माती फणाने उकलायची, दोन तास ऊन-वारा द्यायचा, कोरडा मुरूम टाकून रोलर. तरी जमलं नाही तर ट्रॅक छोटा करा, हीट कमी करा किंवा राखीव तारखेला जा. परिपत्रकात राखीव तारीख पहिल्या दिवसापासून छापलेली असेल तर लोक समजून घेतात.

टँकर कुठून भरला हे पाहा. नाग नदीच्या किंवा कुठल्या नाल्याच्या पाण्याने भिजवलेल्या ट्रॅकवर पडलेल्या रायडरची जखम चिघळणारच. टँकर आधी कशासाठी वापरला होता हेही विचारा. वास घ्या, आतून धुवून घ्या.

धूळ बसवायला काय टाकू नये

उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, पाणी मारलं की अर्ध्या तासात उडतं. मग कोणीतरी गॅरेजमधलं जळकं ऑईल आणतो. हा सगळ्यात वाईट उपाय. जळक्या ऑईलमध्ये इंजिनाच्या झिजेचे धातू आणि घातक कार्बनी द्रव्यं असतात. ते वळणावर निसरडं होतं आणि पावसाळ्यात विहिरीकडे जातं. कायद्याने तो घातक कचरा आहे. २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावं लागतं.

याचं टोकाचं उदाहरण अमेरिकेतल्या मिझूरी राज्यात टाइम्स बीच गावाचं. १९७० च्या दशकात तिथल्या कच्च्या रस्त्यांवर धूळ बसवायला टाकाऊ ऑईल फवारलं. त्यात डायऑक्सिन हे जहाल विष मिसळलेलं होतं. त्याच भागातल्या घोड्यांच्या रिंगणांत तेच ऑईल मारल्यावर घोडे मेले होते. १९८३ मध्ये सरकारने अख्खं गाव विकत घ्यायचं ठरवलं आणि पुढे ते रिकामं झालं. ऑईल मारण्याआधी त्यात काय आहे हे कोणी तपासलं नाही.

कॅल्शियम क्लोराईड आणि मॅग्नेशियम क्लोराईड हवेतला ओलावा ओढून धूळ धरतात, खाणींच्या रस्त्यांवर चालतात. ट्रॅकवर मी ते वापरत नाही: चेन, स्पोक, बोल्ट गंजतात, खरचटलेल्या जागी झोंबतं, आणि बागेचा प्रश्न उरतोच. एवढ्यावरही कोणी वापरायचं ठरवलं तर पुरवठादाराकडून सेफ्टी डेटा शीट (पदार्थाचे धोके आणि उपाय सांगणारा कागद) घ्या, आणि रायडरांना आधी लेखी सांगा.

पाण्यानेच काम भागतं, वेळ मात्र साधावी लागते. आदल्या संध्याकाळी ऊन उतरल्यावर भरपूर मुरवणी करा, म्हणजे ओल सहा-आठ इंच खाली जाईल. पहाटे हलका शिडकावा, आणि प्रत्येक दोन-तीन हीटनंतर वळणांवर व टेक-ऑफवर झारीसारखं पाणी. लँडिंगवर कमी. शर्यती शक्यतो दिवाळीनंतर जानेवारीपर्यंत ठेवल्या तर निम्मं काम हवाच करते.

फक्की आणि पिट

रेषा मारायला फक्त कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी, आणि पोत्यावर तसं छापलेलं असलं पाहिजे. खात्री करायची सोपी रीत: चिमूटभर भुकटी काचेच्या ग्लासात पाण्यात हलवा, पीएच पट्टी बुडवा. पट्टी ११ च्या पुढे गेली तर तो चुना आहे, पोती परत. हातावर घेऊन पाहायची नाही. त्याहून उत्तम म्हणजे जिथे चालेल तिथे रेषेऐवजी रंगीत फिती आणि लवचिक खुणा.

पिटमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करून दुरुस्त करायच्या जागी, प्रत्येक गाडीखाली ताडपत्री किंवा जाड चटई. सांडलेल्या पेट्रोलवर कोरडी वाळू, भुसा नको, तो पेटतो. पेट्रोल परवान्याशिवाय एका व्यक्तीकडे ३० लिटरपर्यंतच ठेवता येतं, तेही विक्रीसाठी नसेल तर. त्याहून जास्तीचा साठा करायचा असेल तर या विषयाची देशाची मुख्य संस्था, पेसो, नागपुरातच सेमिनरी हिल्सला आहे.

मजूर

यावर मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण सुरक्षिततेच्या गप्पा बहुधा रायडरपाशीच संपतात. माती कालवणारा, पोती फोडणारा, पाइप धरणारा माणूस रोजंदारीवर येतो, चपलेवर येतो, आणि काही झालं तर दुसऱ्या दिवशी येत नाही इतकंच. त्याला गमबूट, नायट्राईलचे मोजे, बाजूने बंद असलेला चष्मा आणि एन-९५ मास्क तुम्ही द्यायचे, ठेकेदार देईल म्हणून सोडायचं नाही. पोत्यात काय आहे ते त्याला त्याच्या भाषेत सांगायचं. नागपूरकडे छत्तीसगड आणि मध्य प्रदेशातूनही मजूर येतात, त्यांना हिंदीत सांगा. हात-पाय धुवायला साबण-पाणी कामाच्या जागी हवं. शर्यतीच्या वैद्यकीय पथकाने तयारीच्या दिवसांतल्या मजुरांनाही तपासावं, हे ठरवूनच पथक बोलवा.

शर्यतीच्या सकाळी चाचणी

हे अर्ध्या तासाचं काम आहे. स्टार्ट गेट, दोन वळणं, एक लँडिंग आणि ट्रॅकची सगळ्यात सखल जागा, असे पाच नमुने घ्या. प्रत्येक ठिकाणी वरची माती आणि वीतभर खालची माती वेगळी. एक वाटी मातीत अडीच वाट्या डिस्टिल्ड वॉटर, नीट ढवळून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, वरच्या पाण्यात पट्टी बुडवा. पट्ट्या प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळतात, १ ते १४ मोजणाऱ्या घ्या.

नऊच्या आत आलं तर ठीक. नऊच्या वर आलं तर मी गाड्या सोडत नाही: तो भाग खणून काढा, नवी माती टाका, पुन्हा मोजा. नऊ ही मर्यादा मी स्वतःला घालून घेतली आहे. काळ्या मातीचा नेहमीचा पीएच त्याच्या खाली राहतो, म्हणून त्यावर आकडा गेला की बाहेरून काहीतरी आलं असा माझा अंदाज असतो. आकडे रायडर्स ब्रीफिंगमध्ये मोठ्याने वाचून दाखवा आणि फलकावर लावा.

प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग बरणीत भरून तारीख, जागा, दोघांच्या सह्या घालून सील करा. त्यातली एक सही रायडरांच्या प्रतिनिधीची असू द्या.

कोणाला काही लागलंच तर

कोरडी भुकटी असेल तर आधी मऊ कापडाने झटका, मग पाणी. कपडे, बूट, गार्ड लगेच उतरवा. वाहतं पाणी, निदान वीस मिनिटं, घड्याळ लावून. चुन्यावर लिंबू किंवा व्हिनेगर ओतू नका. अल्कली मारायच्या नादात उष्णता होते आणि वेळ जातो. हळद, टूथपेस्ट, तेल काही लावायचं नाही.

डोळ्यात गेलं असेल तर एकही मिनिट वाया घालवू नका. पापणी बोटांनी उघडी धरून धुवा, कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर काढा. मिनिटाला दीड लिटर पाणी धरलं तर वीस मिनिटांना तीस लिटर लागतात. म्हणून स्टार्टला आणि पिटला तोटीचे वीस लिटरचे निदान दोन-दोन जार ठेवा, त्यांवर 'डोळे धुण्यासाठी' लिहा आणि ते पिऊ देऊ नका. धुणं झाल्यावर १०८, किंवा शर्यतीची रुग्णवाहिका, आणि थेट नागपुरातलं मेडिकल, मेयो किंवा एम्स रुग्णालय. डॉक्टरांना पदार्थाचं नाव आणि डेटा शीट हातात द्या.

कागद आणि कायदा

एंट्री फॉर्मवर 'मी स्वतःच्या जबाबदारीवर भाग घेत आहे' अशी सही घेतली की सुटलो, हा समज नागपुरात मी अनेकांकडून ऐकला आहे. तो धोकादायक आहे. रायडर सही करतो तेव्हा तो पडण्याचा, हाड मोडण्याचा, दुसऱ्या गाडीला धडकण्याचा धोका स्वीकारतो. मातीत लपवलेल्या रसायनाने भाजण्याचा धोका त्याला माहीतच नसतो, आणि माहीत नसलेल्या गोष्टीला संमती नसते. लोकहिताविरुद्धचा करार रद्दबातल असतो, असं भारतीय करार कायदा १८७२ चं कलम २३ सांगतं. अठरा वर्षांखालच्या (कायद्याच्या भाषेत 'अज्ञान') मुलाने केलेला करार मुळातच निरर्थक, हे १९०३ च्या मोहरीबीबी खटल्यापासून ठरलेलं आहे. ज्युनिअर गटात बारा-चौदा वर्षांची पोरं धावतात. त्यांच्या पालकांच्या सहीला ढाल समजू नका.

फौजदारी बाजूला भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ दुसऱ्याचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात घालणाऱ्या बेपर्वाईबद्दल आहे, २८६ विषारी पदार्थाच्या निष्काळजी हाताळणीबद्दल, आणि कोणी दगावलं तर १०६. दिवाणी दाव्यात विचारतात ते इतकंच: तुम्हाला कळायला हवं होतं का, आणि टाळता येत होतं का? १९८६ च्या ओलियम वायू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घातक उद्योगांवर बिनशर्त जबाबदारी टाकली. तो निकाल मोठ्या कारखान्यांबाबतचा आहे, पण ट्रॅकवाल्याला अडकवायला साधा निष्काळजीपणाही पुरतो. एंट्री फी भरणारा ग्राहक आयोगात जाऊ शकतो, त्याला दोन वर्षांची मुदत आहे.

म्हणून कागद असे करा. माती, पाणी, फक्की पुरवणाऱ्या प्रत्येकाकडून लेखी घ्या की मालात काय आहे आणि काय नाही. ठेकेदाराच्या करारात सरळ वाक्य टाका: 'आयोजकाच्या लेखी परवानगीशिवाय ट्रॅकवर चुना, ऑईल, राखड, क्षार किंवा कोणतंही रसायन टाकायचं नाही.' त्या रात्रीच्या फोनला हेच उत्तर. विमा घेताना पॉलिसीत प्रदूषण आणि रसायन वगळलंय का ते शेवटच्या पानावर शोधा. बहुतेकजण ते पान वाचत नाहीत. एफएमएससीआय या मोटरस्पोर्टच्या राष्ट्रीय संस्थेचा परमिट असेल तर त्यांच्या सुरक्षा अटी पाळा, आणि सार्वजनिक जागा किंवा रस्ता वापरणार असाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे शासनाची लेखी परवानगी लागते. फॉर्म आणि करार शर्यतीआधी वकिलाकडून वाचून घ्या.

एक जाड वही ठेवा. कोणत्या दिवशी, कोणत्या भागात, काय आणि किती टाकलं, कोणी टाकलं, टँकर क्रमांक, पोत्याचा फोटो. खाडाखोड नको, चूक झाली तर एक रेघ मारून बाजूला सही. शर्यत संपल्यावर त्याच पाच जागांचे नमुने पुन्हा घ्या, पिटमधली ऑईल लागलेली वाळू वेगळ्या पिंपात भरून अधिकृत माणसाकडे पावती घेऊन द्या, जमीनमालकाला जागा दाखवून त्याची सही घ्या. वही आणि सीलबंद बरण्या निदान तीन वर्षं कोरड्या कपाटात ठेवा. ज्युनिअर गट धावला असेल तर ती मुलं सज्ञान होऊन आणखी तीन वर्षं उलटेपर्यंत.